एल्डनचा डबा आणि लॉरेनचं ओगराळं

एल्डन निकर्सनला यातून मिळणार काय होतं, ते आधी बघू. कारण पुढे जे झालं ते पाहून लोक म्हणाले, माणसाला वेड लागलं. वेडबिड काही नाही. एल्डनने नफातोटा नीट मांडला होता. जिंकला असता तर शनिवारी दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी, भर उजेडात टिनाचा डबा फोडून चावडर खाता आलं असतं आणि त्यावर गावात कोणी चकार शब्द काढला नसता. बस्स, एवढंच. आणि हरला असता तर? तर आजवर चालत आलं तसंच पुढे चाललं असतं, म्हणजे गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांच्या आडोशाला, सहलीच्या छोट्या शेगडीवर. हरण्यात तोटा शून्य. असा सौदा कोण सोडेल? फक्त या मांडणीत त्याने बायकोला कुठल्याच बाजूला धरलं नव्हतं. नवऱ्यांच्या हिशेबात ही चूक फार आढळते.

शिंपल्यांतल्या तिसऱ्या, बटाटे, कांदा, खारवलेली डुकराची चरबी आणि दूध. चावडर नावाचं सूप म्हणजे एवढंच. पण या पाच जिनसांवरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्वानसेट गावात जेवढी भांडणं झाली, तेवढी कुंपणांवरूनही झाली नसतील. पीठ लावून दाट करायचं की नाही यावरून दोन सख्ख्या भावांनी होड्या वेगळ्या केल्या. तिकडे न्यूयॉर्कात म्हणे त्यात टोमॅटो घालतात, पण हे लोक दबक्या आवाजात सांगत, आणि पोरंबाळं जवळ नाहीत ना ते बघून.

अशा गावात लॉरेन निकर्सन ही काय असामी होती, ते सांगायला नको. दर ऑक्टोबरात चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये चावडरचं जेवण होतं. ज्याला आपल्या हाताचा भरवसा आहे त्याने पातेलं आणावं. सगळी पातेली ओळीने मांडतात, लोक हवं त्यातून वाढून घेतात, आणि ज्याचं पातेलं सगळ्यांत आधी रिकामं होईल त्याच्या घरी चर्चचं पितळी ओगराळं वर्षभर टांगलं जातं. पुढच्या वर्षीच्या जेवणाचा मुखत्यारही तोच. हे ओगराळं लॉरेनच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं टांगलेलं होतं की भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका डाग पडला होता. आणि याच घराच्या गॅरेजमध्ये तिचा नवरा दर शनिवारी, ती चर्चच्या मीटिंगला गेली की, डब्यातलं चावडर गरम करून, वर खारी बिस्किटं चुरून, डोळे मिटून खात होता.

फुटलं कुठे? अर्थात कचराडेपोवर. क्वानसेटमध्ये ज्याचा कचरा त्याने नेऊन टाकायचा आणि तिथे काच, कागद, टिन वेगवेगळं करायचं. त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतं, काय पितात आणि कोण कोणाला पत्रं लिहितं, हे गावाला वर्तमानपत्राशिवाय कळतं. एल्डन आयुष्यभर नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून. सावध माणूस. डबे तो नेहमी तळाला, रद्दीत गुंडाळून न्यायचा. पण त्या दिवशी पिशवी ओली होती. टिनाच्या पिंपापाशी ती खालून फाटली आणि महिन्याभराचे डबे उतारावरून घरंगळत थेट हेडमास्तर प्रेस्कॉट हौज यांच्या पायाशी जाऊन थांबले.

प्रेस्कॉट हौज निवृत्त झाले होते, पण अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवायचं राहून गेलं याची त्यांना खंत होती. जेवणाच्या समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी एक डबा उचलला, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "क्लॅम चावडर."

"कुत्र्यासाठी आणतो, सर," एल्डन म्हणाला.

"तुमच्याकडे कुठाय कुत्रा?" ही शेजारीण, डॉली मेदेरोस. तिच्या आजोबांपासूनची पिढी पोर्तुगालहून येऊन इथे मासे धरत होती आणि खरं बोलायची सवय तिला तिकडूनच आली असावी.

"एल्डन," हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, आणि हा आवाज छडीपेक्षा वाईट हे सगळ्यांना ठाऊक होतं, "लॉरेनचा नवरा तू. समुद्र तुझ्या दारात. आणि तू हे खातोस? लाज वाटते म्हणून लपवतोस ना?"

एल्डन गप्प बसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण 'लाज' हा शब्द त्याला लागला. लपवणं वेगळं, लाज वेगळी. तो शांतता राहावी म्हणून लपवत होता.

"लाज कसली?" तो म्हणाला. "मला येत नाही म्हणून खातो असं वाटतं का तुम्हाला? मी करायला बसलो तर तुमच्यापेक्षा चांगलं करीन."

"मग आण की पातेलं यंदा," डॉली म्हणाली.

"आणतो! माझं पातेलं सगळ्यांत आधी रिकामं झालं तर माझ्या डब्याबद्दल गावात कोणी एक अक्षर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," हेडमास्तर म्हणाले. टिनाच्या पिंपाभोवती तोवर बरीच मंडळी जमली होती. त्यांनीही माना डोलावल्या. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

घरी बातमी त्याच्या गाडीच्या आधी पोचली होती. लॉरेन ओरडली नाही. टेबलाशी बसून होती.

"कधीपासून?" तिने एवढंच विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"मग बरं. म्हणजे माझ्यामुळे नाही." आणि मग ती त्याच्याशी बोलायची बंद झाली.

आता तिसऱ्या आणायच्या. विकतच्या आणाव्यात तर हेडमास्तर म्हणणार, डब्यातून नाही आणल्या, पिशवीतून आणल्या, फरक काय? म्हणजे स्वतःच उकरून काढायला हव्यात. त्याला गावकऱ्यांचा परवाना लागतो. नगरपालिकेच्या खिडकीत बसलेली मार्जरी ही एल्डनची सख्खी चुलतबहीण.

"गावात राहत असल्याचा पुरावा," मार्जरी म्हणाली.

"मार्जरी, माझ्या लग्नात तू नवरीच्या मागे फुलं घेऊन चालली होतीस."

"तेव्हा राहत होतास. आत्ता राहतोस कशावरून? विजेचं बिल दे."

"ते लॉरेनच्या नावावर आहे."

"गाडीचे कागद?"

"लॉरेनच्या."

"घर?"

घर लॉरेनला तिच्या वडिलांकडून आलेलं. खिडकीशी उभा असताना एल्डनच्या लक्षात आलं, की एवढं आयुष्य काढूनही कागदोपत्री तो या गावात आलेलाच नाही. सगळ्या गावाच्या पाण्याची बिलं त्याने लिहिली, पण त्याच्या घरचं बिलही लॉरेनच्याच नावाने जात होतं.

"पाच मिनिटांपूर्वी तूच मला विचारलंस, घरी लॉरेन अजून बोलत नाही का म्हणून!"

"ते बहीण म्हणून. आता मी खिडकीत आहे. घरमालकाची सही आण."

म्हणजे लॉरेनची. जी बोलत नव्हती. एल्डनने कागद टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा कागदावर सही होती आणि 'सदर इसम येथे राहतो' या ओळीत तिने स्वतःच्या हाताने एक शब्द घातला होता: 'सदर इसम हल्ली येथे राहतो.' मार्जरीने तो वाचला, एल्डनकडे बघितलं आणि शिक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्याची कीव आली असावी.

ओहोटीला एल्डन वाळू उकरायचा लोखंडी पंजा आणि तारेची टोपली घेऊन चिखलात उतरला. किनाऱ्यावर सल्लागार जमलेच. एक म्हणाला, जिथे भोक दिसेल तिथे मार. दुसरा म्हणाला, भोक दिसलं म्हणजे ती गेली, जिथे नसेल तिथे मार. डॉली वरून ओरडली, "अरे एल्डन, उलटा चाल, उलटा! आपल्या पायाने तुडवलेल्या जागी काय मिळणार?" एल्डन उलटा चालू लागला. उलट्या चालीत माणसाला पुढचं दिसत नाही. मागचा खड्डाही दिसत नाही. एक बूट समुद्राने ठेवून घेतला. तरी टोपली भरली, आणि तो एका पायात बूट, एका पायात चिखल अशा थाटात बाहेर आला, तोच किनारा-निरीक्षक समोर उभा. त्याच्या हातात लोखंडी कडी.

कडीतून आरपार गेली ती तिसरी लहान, ती परत समुद्रात. न जाईल ती आपली. निरीक्षकाने एकेक करून कडीतून सोडायला सुरुवात केली. प्लप्. प्लप्. प्लप्. टोपलीतल्या जवळजवळ सगळ्याच आरपार गेल्या.

"कोवळ्या म्हणून मुद्दाम निवडल्या होत्या," एल्डन म्हणाला.

"बालवाडीतून पोरं उचलल्यासारखं केलंत," निरीक्षक म्हणाला. "जिथून घेतल्यात तिथे नेऊन पुरा. नुसत्या फेकायच्या नाहीत."

काठावरचे लोक हसले. एल्डनने वर बघितलं, दुसरा बूटही काढून वाळूत ठेवला आणि अनवाणी परत चिखलात शिरला. ऑक्टोबरातलं ते पाणी. भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत तो उकरत राहिला, आणि परत आला तेव्हा टोपलीतली एकही तिसरी कडीतून गेली नाही. निरीक्षकाने दोनदा करून बघितलं. त्याचाही हिरमोड झाला.

तिसऱ्या वाळू खातात. ती ओकायला त्यांना खाऱ्या पाण्यात ठेवावं लागतं. कशात? बादलीत मावेनात. राहता राहिला न्हाणीघरातला टब. एल्डनने समुद्राचं पाणी वाहून आणून टब भरला आणि तिसऱ्या त्यात सोडल्या. डॉलीने सांगितलं होतं, मक्याचं पीठ टाक, म्हणजे भराभर ओकतात. हेडमास्तरांनी फोन करून सांगितलं, पीठ टाकलंस तर मरतील. एल्डनने अर्ध्या बाजूला टाकलं, अर्ध्या बाजूला नाही. पाण्याला बाजू नसतात, हे पाणीखात्यात जन्म घालवलेल्या माणसाला आठवायला हवं होतं.

लॉरेन संध्याकाळी आंघोळीला गेली. टब आयता भरलेला पाहून, दिवा लावायच्या आधीच तिने हात बुडवून पाणी किती गरम आहे ते बघितलं. तिची किंकाळी डॉलीच्या घरापर्यंत गेली. मग दार उघडलं. तिच्या नाकावरून पाणी निथळत होतं. एका तिसरीने नेम धरून पिचकारी मारली होती.

"एल्डन," ती म्हणाली. मौन सुटलं म्हणून तो आधी खूशच झाला. "मागच्या दोन शेगड्या तुझ्या. पुढच्या दोन माझ्या. चरबी माझ्या कपाटातली घ्यायची नाही. आणि दूध उकळू दिलंस तर फाटेल, ते माझ्या नावावर खपवायचं नाही."

"लॉरेन, मी काही तुझ्या विरुद्ध..."

"पातेलं आणतोयस ना ओळीत? मग विरुद्धच."

तेव्हा कुठे एल्डनला कळलं, की आपण पैज हेडमास्तरांशी लावली आणि झुंज घरात आणली. पण आता माघार घेतली असती तर गाव म्हणालं असतं, बघा, घाबरला. आणि खरं सांगायचं तर थंड पाण्यात उभं राहून त्याच्या डोक्यात एक वेगळाच कडकपणा भरला होता.

पहिलं पातेलं फाटलं. दूध उकळलंच. पाठ फिरवून मीठ घ्यायला गेला तेवढ्यात. लॉरेन पुढच्या शेगडीपाशी उभी होती, तिला दिसत होतं, तिने हातही हलवला नाही. न्याय म्हणून बघितलं तर बरोबरच होतं. एल्डनने ते दूध फेकलं, तिसऱ्या धुऊन घेतल्या, पुन्हा चरबी वितळवली, कांदा पारदर्शक होईपर्यंत परतला, बटाटे तिसऱ्यांच्याच पाण्यात शिजवले आणि या खेपेला पातेल्याकडे असं रोखून बघत राहिला की उकळायची त्या दुधाची हिंमत झाली नाही.

चावडर ताजं खात नाहीत. एक रात्र मुरावं लागतं, यावर मात्र गावात दुमत नाही. लॉरेनचं पातेलं फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये दुसऱ्याला जागा नव्हती, किंवा जागा होती तिथे लॉरेनने एक लिंबू ठेवलं होतं. बाहेर ओटीवर ठेवावं तर रॅकून नावाची चोरटी जनावरं झाकण काढून जेवतात, हात धुऊन. एल्डनने डोकं चालवलं आणि पातेलं गाडीच्या मागच्या डिकीत ठेवलं. थंडीच अशी होती की गाडी फ्रिजपेक्षा गार. निश्चिंत झोपला.

सकाळी उठून बघतो तर अंगणात गाडी नाही.

लॉरेन पलीकडच्या गावी बहिणीकडे, बर्निसकडे, जेवणाचे टेबलक्लॉथ आणायला गेली होती. एल्डनने फोन केला. "आली होती, गेली," बर्निस म्हणाली. "तुझं काहीतरी मागे हिंदकळत होतं. पुलावर थांबून बघते म्हणाली."

पुलावर. एल्डन खुर्चीत बसला. पुलाखाली खाडी. त्याला दिसलंच, लॉरेन झाकण काढतेय, पातेलं कठड्यावर टेकवतेय. रागावताही येईना, कारण तिच्या जागी तो असता तर त्याने आधीच्या पुलावरून टाकलं असतं. शेवटी त्याने कोट चढवला आणि रिकाम्या हातांनी चालत हॉलवर निघाला. हरायचं तर तोंड दाखवून हरायचं, असं त्याने ठरवलं.

हॉलमध्ये पातेली मांडून झाली होती. शेवटचं पातेलं त्याचं. झाकण लॉरेनच्या निळ्या स्कार्फने गच्च बांधलेलं. चर्चला जायचा, एरवी कोणाला हात लावू न देणारा तो स्कार्फ.

"पुलापाशी रस्ता खराब आहे," लॉरेन टेबलक्लॉथ झटकत म्हणाली. "सांडत होतं."

"चव बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"तिसऱ्या जाड चिरल्यास." आणि तिने तोंड फिरवलं.  एवढ्या वर्षांत एल्डन लॉरेनचं बोलणं ओळखायला शिकला होता. एवढीच खोट सापडली म्हणजे बाकी सगळं जमलं होतं.

पुढे काय झालं ते गाव अजून सांगतं. आधी लोक गंमत म्हणून एल्डनच्या पातेल्याकडे गेले. मग परत गेले. मग वाडगे घेऊन रांगेत उभे राहिले. डॉलीने तीनदा घेतलं आणि तिसऱ्या वेळेला म्हणाली, "मेल्या, यात आमचं सॉसेज घातलं असतंस तर मी तुझ्याशी लग्न केलं असतं." हेडमास्तरांनी वाडगा बिस्किटाने पुसून खाल्ला. लॉरेनच्या पातेल्यात अजून चार बोटं शिल्लक होती तेव्हा एल्डनचं पातेलं खरवडून झालं.

हेडमास्तर ओगराळं घेऊन उभे राहिले. चमच्यांचा आवाज थांबला. लॉरेन भिंतीशी, हात पोटावर घट्ट धरून उभी होती. एल्डनने तिच्याकडे बघितलं नाही. बघवेना.

"पैज तू जिंकलास," हेडमास्तर म्हणाले. "पण त्याहून मोठी गोष्ट, आमचा माणूस परत आला. आता सगळ्यांसमोर सांग एल्डन, पुन्हा त्या डब्याला हात लावशील?"

लोक हसले, टाळ्याही वाजल्या. एक शब्द बोलला असता, 'नाही', की काम झालं असतं. ओगराळं, मान, पाठीवर थाप. एल्डनने कोणाच्या तरी वाडग्यातला उरलेला घोट घेतला. नीट चघळला.

"फार चांगलं झालंय," तो म्हणाला. "माझंच आहे, पण खरं ते सांगतो."

टाळ्या.

"पण मला डब्यातलंच जास्त आवडतं."

टाळ्या मधेच लटकल्या. "का?" मागून कोणीतरी विचारलं, मयताचं कारण विचारावं तसं.

"हे फार बोलतं," एल्डन म्हणाला. "प्रत्येक घासाला नवीन काहीतरी. इथे बटाटा, इथे चरबी, मधेच आख्खा समुद्र. डब्यातलं गप्प असतं. मला गप्प जेवायला आवडतं. आणि सर, पैज पातेलं रिकामं करायची होती. ते झालं. मला ते आवडलंही पाहिजे, असं कधी ठरलं होतं?"

हेडमास्तरांचे कान लाल झाले. समिती कोट टांगायच्या दांडीमागे जाऊन कुजबुजली आणि परत आली. "ज्याला स्वतःच्या चावडरची किंमत नाही," हेडमास्तर म्हणाले, "त्याच्या हाती ओगराळं देता येत नाही. ते दुसऱ्या पातेल्याला. लॉरेन, ये पुढे."

एल्डनचा जीव भांड्यात पडला. आपला डबा आपल्याला, तिचं ओगराळं तिला. त्याला वाटलं, याहून चांगला निकाल त्याने स्वतः लावला नसता.

लॉरेन पुढे आली. तिने ओगराळ्याकडे बघितलं. मग हेडमास्तरांकडे.

"सर, नियम काय आहे?"

"ज्याचं पातेलं आधी रिकामं..."

"कोणाचं झालं?"

"लॉरेन, तुला माहीत आहे. पण हा माणूस घरी..."

"इतकी वर्षं मला दिलंत, तेव्हा मी घरी काय खाते हे विचारलं होतं?"

"तुला विचारायची गरज काय?"

"मग त्यालाही नाही. माझ्या पातेल्यात उरलंय. हे बघा, सगळ्यांना दिसतंय. उरलेल्याला तुम्ही बक्षीस देणार? दया म्हणून? माझ्या हाताला अजून तेवढी वाईट वेळ आलेली नाही. द्या त्याला."

"लॉरेन, घे ना," एल्डन पुटपुटला, "मला खरंच नको..."

"तू गप्प बस. तुला गप्प आवडतं ना?"

हेडमास्तरांनी ओगराळं एल्डनच्या हातात दिलं, मेलेला मासा द्यावा तसं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लॉरेनने एकटीने वाजवल्या, चांगल्या मोठ्याने, सगळ्या हॉलवर नजर फिरवत, आणि ती नजर जिथे जिथे गेली तिथले लोक वाडग्यात बघू लागले.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी एल्डनने रस्त्याकडच्या खिडकीतल्या टेबलाशी बसून डबा फोडला. फाटकापाशी हेडमास्तरांची गाडी हळू झाली. समोर बसून कांदे सोलत असलेल्या लॉरेनने मान वर केली आणि गाडी निघून जाईपर्यंत खाली केली नाही. ओगराळं भिंतीवर होतं त्याच खिळ्याला होतं. घर तर तेच. फक्त पुढच्या वर्षीचा मुखत्यार आता एल्डन, आणि त्याच्या हाताखाली कांदे सोलायला लॉरेन. ज्याला ते चावडर नको, त्याने ते गावभर रांधायचं. जिला ते रांधायचं होतं, तिने त्याचं ऐकायचं. "तिसऱ्या बारीक चिरायच्या," एवढं मात्र तिने बजावून ठेवलं होतं.

तर शेवटचा जमाखर्च असा. एल्डनला डबा मिळाला. हेडमास्तरांना मरेपर्यंत पुरेल एवढा विषय मिळाला. डॉलीला पोटभर मिळालं. आणि या सगळ्यांचं बिल भरलं लॉरेनने, जिने जन्मात डबा फोडला नव्हता. भरलं ते ताठ मानेने, सगळ्यांसमोर, आणि सुटे परत मागितले नाहीत.